डोळे मिटून ऐकता येईल अशी मालिका सुचवावी

त्रिमूर्तीनगरची लेक:

नमस्कार. अडचण जरा वेगळी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. गेल्या शुक्रवारी नागपुरात धंतोलीतल्या एका रुग्णालयात माझ्या आईच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली. पडद्याच्या मधोमध छिद्र पडले होते. ते भरून यावे म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आहे, आणि बुडबुडा नेहमी वरच्या अंगाला जात असल्यामुळे तो डोळ्याच्या मागच्या भागाला टेकून राहावा यासाठी आईला दहा दिवस चेहरा खाली करून राहायचे आहे. जेवण, औषधाचे थेंब आणि स्नानगृह एवढ्यापुरतीच मान वर करायची परवानगी आहे. डावा डोळा काचबिंदूने आधीच अधू झालेला असल्यामुळे जमिनीवर मोबाइल ठेवून पाहण्याचा मार्गही तिच्यासाठी बंद आहे. थोडक्यात, जिच्यासाठी टीव्ही लावायचा तिला तो फक्त ऐकू येणार आहे.

आई बहात्तर वर्षांची आहे आणि महालातल्या एका शाळेत तिने तीस वर्षे मराठी शिकवले. त्यांच्या वाड्यात एकच रेडिओ होता आणि तो आजोबांच्या ताब्यात असे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ सालचे, म्हणजे आईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, आणि त्यावरच्या श्रुतिका ऐकतच ती लहानाची मोठी झाली, त्यामुळे ऐकण्याचा कान तिला आहे. पहिले दोन दिवस आम्ही भावगीते लावली. तिसऱ्या दिवशी तिने उशीतूनच सांगितले की गाणी पुरे झाली, आता एखादी गोष्ट लावा.

सोमवारी रात्री माझ्या नवऱ्याने त्याच्या आवडीची एक रहस्यमालिका लावली. पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी चालले, दार करकरले, गाडी सुरू झाली, पाण्याचे थेंब पडले, मग जोरात संगीत वाजले आणि एक बाई किंचाळली. आईने विचारले, ‘अगं, कोण मेलं?’ आम्ही तिघे एकाच वेळी तीन वेगवेगळी उत्तरे देऊ लागलो आणि तोवर पोलीस येऊन पंचनामा करून निघूनही गेले होते. हल्लीच्या मालिकांमध्ये माणसे किती कमी बोलतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले.

तरी कृपया अशा मालिका सुचवाव्यात, ज्या नुसत्या ऐकूनही कळतील. भाषा मराठी किंवा हिंदी असावी. पडद्यावरच्या खालच्या ओळी (सबटायटल्स) वाचून दाखवण्याची वेळ आमच्यावर येऊ नये. मुलगा दहावीला आहे आणि जेवणानंतरचा तासभर तो आमच्यासोबत बसतो, म्हणून शिवीगाळ बेताची असावी. गोष्टीला शेवट असावा. आणि रोजच्या मराठी मालिका कृपया सुचवू नयेत, त्या आमच्याकडे कोणी पाहत नाही.

सिव्हिल लाइन्सचा रहिवासी:

‘द फॅमिली मॅन’चे तिसरे पर्व नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहे, ते अवश्य लावावे. मनोज बाजपेयी आहेतच, आणि त्यांच्यासमोर जयदीप अहलावत खलनायकाच्या भूमिकेत उभे केले आहेत. आमच्या घरी दोन रात्रींत संपवले. ते आवडले तर अहलावत यांचीच ‘पाताल लोक’ घ्यावी, तिचे दुसरे पर्वही २०२५ च्या जानेवारीत येऊन गेले.

फुटाळ्याचा काठ:

दादा, आपण बहुधा शीर्षकापुढचा मजकूर वाचलेला नाही. दोन्ही मालिका मलाही प्रिय आहेत, परंतु ‘पाताल लोक’चे दुसरे पर्व नागालँडमध्ये घडते आणि ‘फॅमिली मॅन’चे तिसरेही ईशान्य भारतातच फिरते. त्यामुळे दोहोंत बरेचसे बोलणे तिथल्या भाषांमध्ये आहे आणि ते खालच्या ओळींवाचून कळत नाही. पाहणाऱ्याच्या दृष्टीने हा त्या मालिकांचा प्रामाणिकपणाच आहे, कारण नागालँडमधली माणसे आपापसात दिल्लीची हिंदी बोलताना दाखवली असती तर ते हास्यास्पद झाले असते. मात्र उशीत तोंड घालून पडलेल्या माणसाला त्या प्रामाणिकपणाचा काय उपयोग? शिव्यांबद्दल तर मी काही बोलतच नाही.

छिंदवाड्याची माहेरवाशीण:

ताई, आईंना लवकर आराम पडो. माझी शिफारस कोणताही विचार न करता ‘गुल्लक’. एका छोट्या शहरातले मिश्रा कुटुंब, वडील वीज खात्यात, आई घरी, दोन मुलगे आणि वेळी-अवेळी दारात उगवणारी शेजारीण, एवढाच तिचा पसारा आहे. ही गोष्ट सांगते कोण, तर घरातली मातीची गुल्लक, म्हणजे आपला पैशांचा गल्ला. गल्ल्याला पाय नाहीत, तो एका जागी बसून घरातले सगळे ऐकत असतो, आणि जे ऐकतो ते आपल्याला सांगतो. आपल्या आईंची सध्याची अवस्था आणि त्या निवेदकाची अवस्था एकच आहे, हे मी थट्टेने म्हणत नाही.

ऐकण्याच्या दृष्टीने तिचा आणखी एक गुण असा की त्या घरात कोणी गप्प बसत नाही. भांडणसुद्धा कुकरच्या शिट्टीत, बादलीच्या आवाजात आणि ‘चहा ठेवलाय’ या सुरात चालते. शांती मिश्राची भूमिका आपल्या गीतांजली कुलकर्णी यांनी केली आहे, आणि मराठी घरात वाढलेली बाई उत्तर भारतातल्या गृहिणीचा तो करवादलेला, तरीही मायेचा सूर इतका अचूक कसा पकडू शकते, याचे मला दर वेळी नवल वाटते. २०१९ ते २०२४ या काळात तिची चार पर्वे आली, आणि प्रत्येक पर्वात पाचच भाग आहेत. दहावीच्या मुलासमोर लावायला काहीच अडचण नाही, उलट धाकट्या अमनच्या परीक्षेचे प्रकरण त्याने ऐकावेच.

‘पंचायत’ही चालेल, पण तिच्याविषयी थोडे सांभाळून सांगते. पहिल्या पर्वात, २०२० मध्ये, सचिव फुलेऱ्यात येतो आणि पंचायत कार्यालयाच्या कुलपापासूनच त्याची परवड सुरू होते, तो सगळा भाग ऐकायला फार छान आहे. गाव कथेत उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातले असले तरी चित्रीकरण मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात झाले आहे, आणि मला त्या अंगणांमध्ये माझे माहेर दिसते. पुढच्या पर्वांमध्ये मात्र राजकारण आणि हाणामारी वाढत गेली, शिव्याही वाढल्या. २०२५ च्या जूनमध्ये आलेले चौथे पर्व निवडणुकीवरच आहे आणि मला ते ताणलेले वाटले. शिवाय रघुवीर यादव यांचे अर्धे काम त्यांच्या चेहऱ्यावर चालते, ते आईंना मिळणार नाही. आपण पहिले पर्व घ्यावे आणि थांबावे.

धरमपेठेतील निवृत्त बँक अधिकारी:

मी ‘स्कॅम १९९२’ सुचवतो. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली ही मालिका दहा भागांची आहे, तिला शेवट आहे, आणि ती जवळजवळ संपूर्णपणे बोलण्यावर उभी आहे. शेअर बाजार हा मुळातच ओरडण्याचा धंदा होता. रिंगमध्ये उभे राहून हाताच्या खुणा आणि आरोळ्या यांवर सौदे होत, त्यामुळे शेअर दलाल हर्षद मेहतांची चढती कमान डोळ्यांआधी कानांना कळते. प्रतीक गांधी यांनी गुजराती वळणाची हिंदी अशी काही बोलली आहे की पात्र दारातून आत आले हे सांगण्याची गरज उरत नाही.

मी १९९२ साली एका बँकेत रोखे विभागात कनिष्ठ अधिकारी होतो, म्हणून एक गोष्ट हक्काने सांगतो. त्या घोटाळ्याचा गाभा समजणे भल्याभल्यांना जमत नाही. एका बँकेने दुसरीला रोखे विकायचे आणि ठरलेल्या मुदतीनंतर परत घ्यायचे, मधल्या काळात प्रत्यक्ष रोख्यांऐवजी ‘बीआर’ नावाची पावती द्यायची, आणि हे सगळे दलालामार्फत करायचे, म्हणजे पैसा काही दिवस दलालाच्या खात्यात मुक्कामाला असतो. तो मुक्काम हाच घोटाळा. मालिकेत हे पात्रे एकमेकांना समजावून सांगतात, आणि ते समजावणे कंटाळवाणे झालेले नाही. आपल्या मातोश्री शिक्षिका आहेत, त्यांना ते नक्की आवडेल. शिव्या आहेत, हे कबूल करतो. मुलाला त्या वेळी अभ्यासाला बसवावे.

मानेवाड्याची डबेवाली:

ताई, तुम्ही आधीच हात जोडून नको म्हटले आहे, तरीही मी रोजच्या मराठी मालिकांचीच शिफारस करणार आहे, आणि त्यामागचे कारण ऐकून घ्यावे ही विनंती.

माझा डब्यांचा व्यवसाय आहे. संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा मी ओट्यासमोर उभी असते, रोज सत्तर-ऐंशी पोळ्या होतात, आणि टीव्ही माझ्या पाठीमागे बैठकीत चालू असतो. ‘ठरलं तर मग’ डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हापासून मी ती एकही दिवस चुकवलेली नाही, पण सायलीने आज कोणत्या रंगाची साडी नेसली होती हे विचाराल तर मला सांगता येणार नाही, कारण मी ती मालिका पाहिलेलीच नाही. मी ती ऐकलेली आहे. तरीही कंत्राटाचे लग्न कसे ठरले, मधुभाऊंच्या खटल्यात अर्जुनने काय युक्तिवाद केला, आणि खरी तन्वी कोण हे कोणाला ठाऊक आहे व कोणाला नाही, हे मी झोपेतही सांगू शकेन.

हे कसे होते, याचा मी लाटणे हातात घेऊन पुष्कळ विचार केला आहे. या मालिका लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक असते की ऐकणारी बाई स्वयंपाकघरात आहे. म्हणून पात्र खोलीत आले की समोरचा त्याला नावाने हाक मारतो, ‘अगं सायली, तू इथे?’ म्हणून माणसे मनातले मोठ्याने बोलतात. म्हणून काल जे घडले ते आज कोणीतरी कोणाला तरी पुन्हा सांगते, कारण काल कोणाची तरी फोडणी करपत होती. खलनायिकेची स्वतःची धून असते, ती वाजली की मी कणकेतून हात न काढता ओळखते, आता काहीतरी होणार. तुम्ही सुशिक्षित मंडळी ज्याला पाल्हाळ म्हणता आणि ज्या ‘धडाम्’ संगीताची चेष्टा करता, ती आमच्यासाठी केलेली सोय आहे.

आणि ही काही आपल्याकडची नवी खोड नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात रेडिओवर अशाच रोजच्या कौटुंबिक कथा सुरू झाल्या, त्यांना साबण बनवणाऱ्या कंपन्या पैसा पुरवत, म्हणून इंग्रजीत त्यांच्या नावालाच साबण चिकटला. दुपारी कामे उरकणाऱ्या बायकांसाठी त्या होत्या. टीव्ही नंतर आला. आपल्याकडे १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली, तिच्या शेवटी अशोक कुमार यायचे आणि भागाचा मथितार्थ बोलून दाखवायचे, ते तरी काय होते? ऐकणाऱ्याची सोयच होती.

शेवट मात्र दहा दिवसांत मिळणार नाही, दहा महिन्यांतही नाही. ती अट मी पूर्ण करू शकत नाही.

त्रिमूर्तीनगरची लेक:

ताई, माझ्या वाक्यात थोडा तुच्छतेचा सूर आला होता, तो मी मागे घेते. मी बँकेतून सात वाजता घरी येते आणि मला ती धून ऐकली की डोके धरावेसे वाटते, हे तरीही खरे आहे. एक चेहरा तीन वेळा, प्रत्येक वेळी ढोल. पण आपण म्हणता त्या बाजूने मी कधी विचार केला नव्हता. एक दिवस लावून पाहते.

वऱ्हाडातून नागपुरात:

विषय ऐकण्याचा निघालाच आहे म्हणून बोलीविषयी लिहितो. विदर्भातल्या माणसाने मराठी मालिका डोळे मिटून ऐकली तर त्याला पहिली गोष्ट ही जाणवते की त्यात आपण नाही. पडद्यावर पाहताना बंगला, साड्या, जिने यांत हे लक्षात येत नाही. नुसते ऐकले की सगळी माणसे ठाणे आणि पुणे यांच्यामधल्या एकाच वसाहतीत राहत असल्यासारखी वाटतात. कोल्हापूरला तरी ‘तुझ्यात जीव रंगला’मुळे मान मिळाला आणि कोकणाला ‘रात्रीस खेळ चाले’मुळे.

आपल्या वाट्याला आली ती ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका, २०१६ ते २०२१. अनिता दाते मूळच्या नाशिकच्या असून त्यांनी त्या बोलीसाठी घेतलेले कष्ट मला मान्य आहेत, आणि नागपूरची बाई मुंबईच्या सोसायटीत ताठ मानेने आपल्या बोलीत बोलते, याचा आमच्या घरात सगळ्यांना आनंद झाला होता. तक्रार एवढीच की लेखकांनी दोन बोलींची खिचडी केली. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ ही आमची अमरावती-अकोल्याकडची वऱ्हाडी. नागपूर शहरातला माणूस घरी ‘मला’च म्हणतो, पण ‘तू काय करत आहेस’ असे न म्हणता ‘तू काय करून राहिली’ असे म्हणतो, आणि वाक्याच्या शेवटी ‘ना’ किंवा ‘बे’ टाकतो. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडची, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशाची, राजधानी होते, त्यामुळे इथल्या मराठीत हिंदीची ढब मुरलेली आहे. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भारत गणेशपुरे बोलायचे ती बोली अस्सल होती, कारण ते अमरावतीकडचेच आहेत. मात्र तिथे आपली बोली आली की आधी हशा पिकायचा आणि मग वाक्य ऐकू यायचे.

खऱ्या नागपूरकरांचे खरे बोलणे ऐकायचे असेल तर नेटफ्लिक्सवर २०२२ मध्ये उमेश कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला ‘इंडियन प्रिडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम’ हा तीन भागांचा माहितीपट आहे. कस्तुरबा नगरातल्या बायकांनी २००४ मध्ये न्यायालयातच गुंड अक्कू यादवला संपवले, ते प्रकरण. त्यात वस्तीतली माणसे स्वतः बोलतात आणि ते बोलणे कोणत्याही नटाला जमणार नाही. पण शस्त्रक्रिया झालेल्या बाईंसमोर आणि दहावीच्या मुलासमोर ते लावू नये. आपण नंतर कधीतरी एकट्याने पाहावे, मन घट्ट करून.

इतवारीतला जुना प्रेक्षक:

इथे बहुतेकांनी हल्लीचे सुचवले आहे, तरी मी जुने सुचवतो, कारण आमच्या घरी सध्या तेच चालू आहे. बासू चटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्षी’. दूरदर्शनवर १९९३ मध्ये आली, दुसरा भाग १९९७ मध्ये. एकेक गोष्ट एका-दोन बैठकांत संपते. रजित कपूर ब्योमकेश आहेत, आणि त्यांचा लेखक मित्र अजित सोबत असतो. या अजितचा उपयोग ऐकणाऱ्याला फार होतो. ब्योमकेशला जे दिसले ते अजितला दिसलेले नसते, म्हणून तो विचारतो, आणि ब्योमकेश सांगतो. अजितचे डोळे आणि आपल्या आईचे डोळे सारखेच समजा, दोघांनाही सांगावेच लागते. मागे संगीताचा गोंधळ नाही. खून होतो, पण रक्ताचे सडे नाहीत, आणि दोन माणसे खोलीत बसून शांतपणे बोलतात. हिंदी स्वच्छ आहे.

‘मालगुडी डेज’ आपण मुद्दाम टाळावी असे मी म्हणेन. १९८६ ची ती मालिका माझी अत्यंत लाडकी आहे, शंकर नाग यांनी आगुंबेचा रस्ता, ते घर, तो ओटा जे उभे केले ते पाहण्यासाठी आहे. नुसती धून ऐकून आईंना हळहळ वाटेल. डोळा बरा झाल्यावर बक्षीस म्हणून ठेवा.

मनीषनगर, तिसरा मजला:

दोन तांत्रिक सूचना. हल्लीच्या पातळ टीव्हींमध्ये स्पीकर मागच्या किंवा खालच्या बाजूला असतात, त्यामुळे आवाज भिंतीवर आपटून येतो आणि संवाद गढूळ होतात. आईंची मान खाली असल्यामुळे त्यांना ते अधिकच गढूळ ऐकू येत असणार. घरात एखादा लहान ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो टीव्हीला जोडून त्यांच्या पलंगाच्या खाली, उशीच्या रेषेत ठेवावा. बऱ्याच टीव्हींच्या ध्वनी-सेटिंगमध्ये संवाद उठावदार करण्याचा पर्याय असतो, तो चालू करावा.

दुसरी सूचना अशी की नेटफ्लिक्सवर काही मालिकांच्या भाषांच्या यादीत ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ असा पर्याय दिसतो. तो निवडला की पडद्यावर जे मुक्याने घडते ते निवेदक दोन संवादांच्या मधल्या जागेत सांगतो. नेटफ्लिक्सने हे २०१५ मध्ये ‘डेअरडेव्हिल’ या मालिकेपासून सुरू केले. त्या मालिकेचा नायकच अंध आहे आणि अंध प्रेक्षकांना ती समजण्याची सोय मुळात नव्हती, यावरून लोकांनी आवाज उठवला होता. आपल्याला हव्या त्या हिंदी मालिकेसाठी तो पर्याय आहे का, हे यादीत पाहूनच ठरवावे. मराठीच हवे असेल तर सरळ ऑडिओबुक घ्यावे, स्टोरीटेलवर मराठीचा साठा चांगला आहे.

त्रिमूर्तीनगरची लेक:

ऑडिओबुक तिने दुपारसाठी घेतले आहे, आभार. पण रात्री तिला आमच्यासोबत ऐकायचे आहे. कोणीतरी मध्येच ‘अरे, हा खोटे बोलतोय’ म्हणायला हवे, असे तिचे म्हणणे आहे.

त्रिमूर्तीनगरची लेक:

आज दहावा दिवस. जे केले ते कळवते, कारण आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले.

स्पीकर पलंगाखाली ठेवला. आमच्याकडे पलंगाच्या कडेला उशांची चळत करून मध्ये फट ठेवली आहे, तिथे आईचा चेहरा असतो, आणि स्पीकर नेमका त्या फटीखाली. गेले काही दिवस रात्री पारा बराच उतरला आहे, त्यामुळे तिच्या पाठीवर रजई आणि रजईच्या टोकाला मांजर, असा थाट असतो. पहिल्या रात्री ‘गुल्लक’ लावली. दुसऱ्या भागापर्यंत ती काहीच बोलली नाही, आम्हाला वाटले झोप लागली. मग शेजारीण आली आणि आईने खालूनच तिची नक्कल केली, इतकी हुबेहूब की मुलगा सोफ्यावरून खाली घसरला. तीन रात्रींत दोन पर्वे झाली. तिची एकच तक्रार अशी की गल्ला जरा जास्त शहाणपणा शिकवतो.

चौथ्या रात्री, दिलेल्या शब्दाप्रमाणे, ‘ठरलं तर मग’ लावली. डबेवाल्या ताई, आपले म्हणणे शंभर टक्के खरे निघाले. आईला एकही गोष्ट सांगावी लागली नाही. पंधरा मिनिटांत तिने कोण कोणाची कोण, कोणाच्या मनात काळेबेरे आहे, आणि कोण उगाच साधे असल्याचा आव आणते आहे, हे सगळे आम्हालाच सांगितले. मग जाहिराती लागल्यावर ती म्हणाली, ‘हे शुद्धलेखनाच्या वहीसारखं आहे, तीच ओळ दहा वेळा. बंद करा.’ बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बँकेतून फोन केला तर तिने विचारले, त्या वकिलाचे काल पुढे काय झाले. आता आमच्याकडे ती मालिका चालू आहे. मी त्या वेळी पोळ्या करते आणि, सांगायला लाज वाटते, पण मलाही ऐकू येते.

पाचव्या दिवसापासून ‘ब्योमकेश बक्षी’. इतवारीकर काकांना आईने नमस्कार सांगितला आहे. तिने दोन गोष्टींमध्ये खुनी आधीच ओळखला, आणि दोन्ही वेळा कारण एकच दिले, की तो माणूस प्रश्न संपण्याआधी उत्तर देत होता. शाळेत गृहपाठ न केलेली मुले तशीच बोलत असत, म्हणे.

‘स्कॅम १९९२’ कालच्या रविवारी दुपारी सुरू केली आणि एका बैठकीत चार-पाच भाग झाले. मुलाला आतल्या खोलीत अभ्यासाला पाठवले, त्याने दार उघडे ठेवले, त्याविषयी मी काही बोलले नाही. बीआरचे प्रकरण आईला माझ्याआधी समजले, मी बँकेत असून. धरमपेठेतल्या काकांचे ‘पैशाचा मुक्काम’ हे शब्द मी तिला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली की हे गृहस्थ शिक्षक व्हायला हवे होते. पुढे एका भागात युनिट ट्रस्टचे अध्यक्ष फेरवानी बोलू लागले आणि आईने हात वर करून थांबवायला सांगितले. तिचे म्हणणे, हा आवाज आपल्या अजितचा आहे. नवरा म्हणाला, अहो, तो बंगाली लेखक कुठे आणि हे मुंबईचे बडे साहेब कुठे, आणि मधे सत्तावीस वर्षे गेली आहेत. ती म्हणाली, आवाज थोडा बसला आहे, पण शब्द सोडण्याआधी थांबण्याची पद्धत तीच आहे. कोणी खात्रीने सांगू शकेल का? आमच्यात पैज लागली आहे.

इतवारीतला जुना प्रेक्षक:

दोन्हीकडे के. के. रैना. जावईबापूंनी संत्रा बर्फी आणावी, अर्धा किलोपेक्षा कमी नको.